लांब लूप ट्रेल कशी करावी: जंगल बदलतं तिथे थांबा

"लूप आहे, चुकणार कुठे? चालत राहिलं की आपोआप जिथून निघालो तिथे येतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याला तिथेच अडवतो. गेलेल्या वाटेनंच परत यायचं असेल, तर परतताना प्रत्येक वळण ओळखीचं असतं. लूपमध्ये शेवटच्या पावलापर्यंत ओळखीचं काहीच भेटत नाही. दुपारी तीन वाजता, पाय दमलेले असताना जे झाड समोर येतं, ते तुम्ही पहिल्यांदाच बघत असता. म्हणूनच इथे चुकलेल्याला चुकल्यासारखं वाटत नाही. नवीन दिसतंय ना, मग पुढेच चाललोय, अशी मनाची समजूत पटते.

हा लेख एका दिवसात चालून होणाऱ्या, २० ते ३० किलोमीटरच्या आणि चार-पाच तऱ्हेच्या जंगलांतून जाणाऱ्या फेरीबद्दल आहे. त्याहून मोठ्या फेऱ्या असतात. अमेरिकेतल्या माउंट रेनियरला वळसा घालणारा वंडरलँड ट्रेल सुमारे १५० किलोमीटरचा आहे. पण तिथेही हाच हिशेब रोज सकाळी नव्यानं मांडावा लागतो.

बूट, पाणी, खाणं, पावसाचं जॅकेट, प्रथमोपचाराची पिशवी यांवर मी काही लिहीत नाही. लांब फेरीला निघणाऱ्याला ते येतंच. एकच गोष्ट बजावतो. डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. "मोबाइलमध्ये टॉर्च आहे की" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. मोबाइलची बॅटरी नकाशासाठी राखायची.

१. वेळ स्वतः काढा

वाटेच्या सुरुवातीला पाटीवर लिहिलेले तास कुणाच्या चालीनं काढलेत, ते पाटी सांगत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही पाया म्हणून उत्तम आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. पण हा नियम धडधाकट माणसाचा, बऱ्या जमिनीवरचा आणि न थांबता चालण्याचा. मुळं, ओली पानं आणि आडवे ओंडके असलेल्या जंगलवाटेवर मी ताशी ५ ऐवजी साडेतीन किलोमीटर धरतो.

समजा फेरी २४ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ९०० मीटर. नाइस्मिथच्या हिशेबानं जेमतेम सव्वासहा तास होतात. माझ्या हिशेबानं ८ तास २० मिनिटं, विश्रांती वेगळी. वरचे दोन तास हिशेबात धरले नाहीत, तर ते अंधारात चालून भरावे लागतात.

२. समतोल बिंदू घरीच शोधा

"अर्धं झालं की मागे फिरण्यात अर्थ नाही" हा सल्ला अंतराकडे बघून दिला जातो. बघायचं असतं वेळेकडे.

वरचीच फेरी घेऊ. समजा पहिल्या १२ किलोमीटरमध्ये चढ फक्त २०० मीटर आणि उतार ३०० मीटर आहे. उरलेल्या १२ मध्ये चढ तब्बल ७०० मीटर. बरोबर मध्यावर उभं राहून पुढे जायला साधारण ४ तास ३५ मिनिटं लागतील. मागे फिरलात तर उतरलेले ३०० मीटर चढावे लागतील, तरीही ४ तासांच्या आतच पोहोचाल. शिवाय ती वाट सकाळीच बघितलेली. म्हणजे पुढचं आणि मागचं अंतर सारखं असलं, तरी मागे फिरणं ४० मिनिटांनी जवळचं आहे. दोन्हीकडे सारखाच वेळ लागेल असा बिंदू आणखी एक किलोमीटर पुढे, तेराव्याच्या आसपास पडतो. मी त्याला समतोल बिंदू म्हणतो आणि नकाशावर लाल पेन्सिलीनं गोल करतो.

आता घड्याळ. समजा संध्याकाळी ५ वाजता बाहेर पडलेलं असायचं आहे. समतोल बिंदूपासून सव्वाचार तास चाल आणि अर्धा तास थांबे, म्हणजे तिथे सव्वाबाराला पोहोचलंच पाहिजे. तिथवर जायला थांब्यांसकट साडेचार तासांहून थोडं जास्त लागतं. तेव्हा सकाळी साडेसातला पहिलं पाऊल. सव्वाबारा वाजले आणि लाल गोल अजून लांब असेल, तर तिथूनच मागे फिरायचं. चर्चा नाही, मतदान नाही. हे निघण्यापूर्वी सगळ्यांच्या देखत ठरवून घ्या. दुपारी, "आता जवळच असेल" असं प्रत्येकाला वाटत असताना, ते ठरत नाही.

आणि अंधार घड्याळातल्या सूर्यास्ताला होतो असं समजू नका. घनदाट सदाहरित जंगलात भर दुपारीही वरच्या उजेडातला जेमतेम दोन टक्के जमिनीपर्यंत पोहोचतो. बाहेर उघड्यावर छान संध्याकाळ असते, तेव्हा झाडांखाली खोडावरची वाटेची खूण दिसेनाशी झालेली असते.

३. कोणत्या बाजूनं निघायचं

"चढ आधी उरकून घ्या" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. नकाशावर फाटे मोजा. ज्या बाजूला जास्त फाटे, जास्त गोंधळ, ती बाजू सकाळी घ्या, डोकं ताजं असताना. ओढा पार करायचा असेल तर तोही सकाळीच. दुपारच्या पावसानं किंवा वितळलेल्या बर्फानं पाणी चढतं ते उशिरा. तीव्र आणि ओली चढण दोन्ही बाजूंना असेल, तर जास्त निसरडी चढून जा, उतरू नका. तरीही पारडं समान राहिलं तर कोणतीही बाजू चालेल.

४. फेरीचे चार तुकडे करा

कागदावर फेरी गोल दिसते, पायांना ती सरळच वाटते. २४ किलोमीटरमध्ये तुम्ही ३६० अंश फिरता, म्हणजे सरासरी किलोमीटरला १५ अंश. एका किलोमीटरमध्ये १५ अंश वळलेलं कुणालाही जाणवत नाही. सकाळी पश्चिमेला तोंड होतं आणि दुपारी ते पूर्वेला झालंय, हे शरीर सांगत नाही. होकायंत्र सांगतं.

म्हणून नकाशावर फेरीचे चार तुकडे पाडा आणि प्रत्येकाची ढोबळ दिशा लिहून ठेवा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, दक्षिण टोकापासून निघालात तर आधी पश्चिम, मग उत्तर, मग पूर्व, मग दक्षिण आणि शेवटी पुन्हा थोडी पश्चिम. फेरीचं पोट कायम उजव्या हाताला. हे शब्द मी बॉलपेननं हातावर लिहितो, कारण नकाशा पिशवीत जातो आणि हात समोरच राहतो. वाट आतबाहेर वळसे घेणार, त्यानं बिचकू नका; पण पाऊण तास सलग दिशा तुकड्याशी जुळत नसेल, तर काहीतरी नक्की चुकलंय.

सुई चुंबकीय उत्तर दाखवते आणि नकाशाची उत्तर थोडी वेगळी असते. तो फरक नकाशाच्या समासात छापलेला असतो. तुमच्या भागात तो १० अंशांहून मोठा असेल तर हिशेबात धरा.

"सूर्य डाव्या हाताला ठेवून चला" हा सल्ला लूपवर सरळ धोकादायक आहे. सूर्यही सरकतो, तुम्हीही वळत असता. आणि "शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला वाढतं" हे तर विसरूनच जा. शेवाळ ओल आणि सावली शोधतं. ओलसर घळीत उभे राहा, प्रत्येक खोडाला चहूबाजूंनी शेवाळ दिसेल.

५. पहिला पाव भाग

सावकाश चाला, बोलणं कमी ठेवा, आणि दर फाट्यावर मागे वळून एकदा बघा. मागे फिरायची वेळ आली तर हेच दृश्य समोर असणार आहे. बाकी काही नाही.

६. जंगलाचे सांधे

आता खरं काम. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाट फाट्यावर चुकते असं सगळे म्हणतात. फाट्यावर माणूस सावध असतो. तिथे पाटी असते, बाण असतो, आपण थांबतो. माझ्या अनुभवात वाट हरवते ती जिथे एक जंगल संपून दुसरं सुरू होतं तिथे. मी त्या जागेला सांधा म्हणतो.

एकाच फेरीत इतकी निरनिराळी जंगलं लागतात, कारण उताराचं तोंड, उंची आणि पाणी बदलतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेला उतार जास्त ऊन खातो, म्हणून तिथली झाडी विरळ आणि कोरडी; डोंगराची धार ओलांडली की पलीकडे नेचे आणि शेवाळ. दक्षिण गोलार्धात हेच उलट. हजार मीटर चढलात तर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, आणि झाडंही त्याप्रमाणे बदलतात. ही चांगली बातमी आहे. जंगल बदललं म्हणजे जमिनीचा आकार बदलला, आणि तो बदल नकाशावरच्या समोच्च रेषांमध्ये सापडतोच. प्रत्येक सांधा ही नकाशावर स्वतःची जागा पक्की करायची संधी असते.

पण तीच जागा फसवी. अंधाऱ्या जंगलातून उजेडात आलात की डोळे दिपतात, उलट गेलात तर पहिला मिनिटभर काही दिसत नाही. शिवाय तासभर डोळ्यांनी एका प्रकारची वाट ओळखायची सवय लावून घेतलेली असते, आणि पुढच्या जंगलात वाटेचं रूपच वेगळं असतं. तिसरं कारण जनावरं. त्यांना जंगलाच्या कडा आवडतात. एका बाजूला चारा, दुसऱ्या बाजूला आडोसा. त्यामुळे जिथे तुमची नजर सैल पडते, नेमक्या तिथेच त्यांच्या मळलेल्या वाटा सगळ्यात ठळक असतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ढगाळ दिवस, फेरीचा तिसरा तुकडा, मी आणि माझी धाकटी बहीण. सूचिपर्णी झाडांतून रुंद पानांच्या जंगलात शिरलो. सांध्यावरच एक मोठं झाड आडवं पडलं होतं. वाट त्याला डावीकडून वळसा घालून जात होती, ते मी पाहिलं नाही. ओंडक्यावर पाय टाकून सरळ पलीकडे उतरलो. समोर सुंदर वाट होती, तुडवलेली, स्वच्छ, उतरती. पंचवीस मिनिटांनी बहीण म्हणाली, "दादा, कोळ्याची जाळी तोंडाला लागतायत. आज इथून कुणी गेलेलं दिसत नाही." मी म्हणालो, सकाळपासून आपणच पहिले असू. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "फांद्या छातीला लागतायत रे." मी होकायंत्र काढलं. दक्षिणेला चाललो असायला हवं होतं, सुईप्रमाणे आम्ही स्पष्ट वायव्येला चाललो होतो. आणि मी काय केलं? सुईवर संशय घेतला. वाट वळत असेल, पुढे फिरेल, असं म्हणून आणखी पंचवीस मिनिटं उतरत राहिलो. वाट एका ओढ्यापाशी पोहोचली आणि संपली. चिखलात खुरांचे ठसे होते, बुटाचा एकही नव्हता. जनावरांची पाण्यावर यायची वाट होती ती.

पन्नास मिनिटं उतरलेलं चढून यायला सव्वा तास लागला. ओंडक्यापाशी पोहोचलो तेव्हा अंधार झाला होता. टॉर्चच्या उजेडात डावीकडची खूण दिसली, खोडावर, डोळ्यांच्या उंचीवर. सकाळी निघताना माझ्याकडे टॉर्च होता, बहिणीकडे नव्हता. पुढचे सात किलोमीटर एका टॉर्चवर, ती माझ्या खांद्याला धरून. तिचे हात गार पडले होते, ती बोलायची थांबली होती, आणि मला त्याचीच सर्वात जास्त भीती वाटत होती. रात्री साडेदहाला बाहेर आलो. त्या दिवसानंतर मी सांध्यावर थांबल्याशिवाय पुढे गेलेलो नाही.

थांबून काय करायचं ते सांगतो.

झाडं, उजेड किंवा पायाखालची जमीन बदलली असं वाटलं की पाऊल थांबवा. बदललंय का, याचा वाद घालू नका. शंका आली म्हणजे बदललं. आधी पाठीमागची शेवटची खूण कुठे होती ते बघा. मग पुढची खूण शोधा, आणि ती दिसेपर्यंत मागची सोडू नका. दोघं असाल तर एकानं मागच्या खुणेपाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं हाकेच्या अंतरात पुढे जाऊन बघायचं. एकटे असाल तर तुमची काठी मागच्या खुणेपाशी जमिनीत रोवा आणि ती दिसते तेवढ्याच टापूत शोधा. खूण सापडली की होकायंत्र बघा, हातावर लिहिलेल्या दिशेशी जुळवा, नकाशावर वेळ लिहा. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. दहा-बारा सांध्यांचे मिळून वीस-पंचवीस मिनिटं होतात, आणि ती मी विश्रांतीतच धरतो.

प्रत्येक जंगलात नजर वेगळ्या जागी ठेवावी लागते. सूचिपर्णी झाडांखाली झुडपं नसतात आणि सुया सगळीकडे सारख्या पसरतात. वाट आणि वाट नसलेली जमीन एकसारखीच दिसते. तिथे जमिनीकडे बघणं सोडा, खोडांवरच्या खुणा बघा. पानगळीच्या जंगलात वाट पानांखाली जाते, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी ती थोडी खोलगट झालेली असते, आणि वाऱ्यानं पानं त्या पन्हाळीत जास्त साचतात. तिरप्या उजेडात बसून बघितलंत तर पानांचा तो पट्टा दिसतो. पाय टाकलात की खालची जमीन कडक लागते, बाजूची दबते. नेच्यांच्या रानात वाट वरून झाकलेली असते. पायांनीच चाचपावी लागते. बांबूच्या बेटात प्रत्येक फट वाट वाटते, तिथे मी खूण दिसल्याशिवाय दहा पावलंही टाकत नाही. ओढ्याकाठी पुरानं वाट पुसलेली असते. पाण्यात पाय घालण्यापूर्वी पलीकडच्या काठावर ती कुठून वर चढते ते शोधा. ती बहुतेक वेळा समोरासमोर नसते, वर किंवा खाली तिरकी सरकलेली असते.

माणसाची वाट आणि जनावराची वाट कशी ओळखायची? बहिणीनं ओळखली होती तशी. जनावराला फक्त स्वतःच्या उंचीइतकी जागा लागते, म्हणून कमरेच्या वर फांद्या आडव्या येतात. माणसांची वाट डोक्याच्या वरपर्यंत मोकळी असते. पडलेल्या ओंडक्याचं टोक बघा. करवतीनं कापलेलं असेल तर कापाचा सपाट, गोल चेहरा दिसतो. जुना असला तरी तो काळवंडलेल्या थाळीसारखा सपाटच राहतो. तुटलेल्या लाकडाची टोकं फाटलेली, दातेरी असतात. कापलेला ओंडका दिसला की मला हायसं वाटतं. तिथे कुणीतरी माणसांसाठी काम केलंय.

खूणच दिसत नसेल तर किती पुढे जायचं? माझी मर्यादा २०० मीटर. आपली १०० मीटरची पावलं घरी मोजून ठेवा. डावा पाय पडला की एक, असं मोजलं तर माझी ६५ होतात. म्हणजे १३० मोजेपर्यंत खूण आली नाही की मागे. मनाला "अजून थोडं" म्हणायची सवय असते, आकड्याला नसते.

मोबाइलवरच्या ट्रॅकबद्दल. नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा; जीपीएस फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि नेटवर्क शोधत बसणारा फोन बॅटरी खातो. पण दाट पानोऱ्याखाली ते संदेश क्षीण होतात आणि घळीत कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे पडद्यावरचा ठिपका कित्येक मीटर सरकतो. दोन वाटा शेजारीशेजारी फुटत असतील तर तुम्ही कोणत्या वाटेवर आहात, हे ठिपका सांगू शकत नाही. शंभर पावलं चालून पुन्हा बघा. ठिपका साक्षीदार म्हणून चांगला आहे, वाटाड्या म्हणून नाही.

आणि होकायंत्र आणि मन यांचं पटलं नाही, तर मन चूक धरा. आपल्याकडे जंगलात गोल गोल फिरण्याला चकवा लागणं म्हणतात. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे प्रत्यक्ष मोजलं. मोठ्या सपाट जंगलात लोकांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले गोल फिरले, आणि काही जण स्वतःच्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा आडवे गेले तरी त्यांना ते कळलं नाही. चकवा खरा आहे, तो आपल्या डोक्यात असतो, आणि त्यावर उतारा सुईचा आहे.

७. आडवं कापायचा मोह

तिसऱ्या तुकड्यात कुणीतरी नकाशा बघून म्हणणारच, "एवढा वळसा कशाला, मधून सरळ गेलो तर?" हिशेब करा. २४ किलोमीटरची फेरी अगदी गोल असली तर उरलेली अर्धी फेरी १२ किलोमीटर, आणि मधून सरळ अंतर साडेसात किलोमीटरच्या वर. वाट नसलेल्या दाट जंगलात ताशी एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. म्हणजे साडेतीन तासांची चाल वाचवायला सात तासांहून जास्त, तेही घळी आणि काटे तुडवत. नकाशावर आखलेली जोडवाट असेल तर जरूर घ्या. ती निघतानाच बघून ठेवलेली असावी. नसेल तर विषय संपला.

८. चुकलातच तर

शेवटच्या खात्रीच्या जागेकडे परत जा. ती कुठे होती ते आठवत असेल तोपर्यंतच हे जमतं, म्हणून लवकर जा. ते शक्य नसेल, किंवा अंधार पडला असेल, तर थांबा. कोरडे कपडे घाला, जमिनीपासून अंग वेगळं ठेवायला पिशवी खाली घ्या, आणि शिट्टी वाजवा: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. डोंगरांतला हा जुना संकटसंकेत आहे. उत्तर म्हणून मिनिटात तीन आवाज येतात. काही देशांत तीन शिट्ट्याच मदतीची हाक समजतात, म्हणून मोजून आणि एका लयीत वाजवणं महत्त्वाचं.

"ओढ्याच्या कडेनं उतरत राहा, वस्ती लागेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओढा सोयीचा रस्ता शोधत नाही, तो दगड कापत खाली जातो. त्याच्या मागे गेलात तर बहुतेकदा एखाद्या धबधब्याच्या वर येऊन उभे राहाल, खाली उतरता येणार नाही आणि मागची चढण निसरडी झालेली असेल. पाण्याच्या आवाजात तुमची शिट्टीही बुडते. पाणी भरायला ओढ्यावर जा आणि लगेच वर, उघड्या जागी या.

९. शेवटचा पाव भाग

इथे पाय चुकतात, डोकं नाही. उतारावर पावलं लहान टाका, ओल्या मुळांवर आडवा पाय ठेवू नका, ती ओलांडून जा. उजेड मंदावला असं वाटायच्या आधीच टॉर्च डोक्याला बांधा. ओळखीची पाटी दिसली तरी तिच्यावरचं नाव आणि बाण वाचा; काही फेऱ्यांना शेवटी दोन-तीन वाटा येऊन मिळतात आणि तुमची गाडी त्यातल्या एकाच टोकाला असते.

बाहेर पडल्यावर बूट सोडायच्या आधी, घरी ज्यांना परतायची वेळ सांगून निघाला होतात त्यांना फोन करा. त्या रात्री साडेदहापर्यंत माझी आई दारात उभी होती.